नमुना पाठात मराठी दाखवू की लपवू?

पत्राचा गोषवारा: पुण्यात गेली बारा वर्षं जपानी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. एका खाजगी क्लासमध्ये शनिवार-रविवारच्या बॅचेस, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ आणि एन-४ या सुरुवातीच्या पातळ्या, वर्गात पस्तीसेक मुलं. सध्या त्या जपान फाउंडेशन या जपानच्या सरकारी सांस्कृतिक संस्थेच्या, तोकियोजवळच्या उरावा इथल्या केंद्रात, परदेशातल्या जपानी-शिक्षकांसाठी असलेल्या काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेल्या आहेत. पुढच्या आठवड्यात एक पूर्ण दिवस पाठाच्या आखणीसाठी ठेवला आहे. सकाळी व्याख्यान, दुपारी प्रत्येकाने वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा आणि त्यावर सगळ्यांनी मिळून चर्चा करायची. बरोबर थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, श्रीलंका, उझबेकिस्तान आणि इजिप्तचे शिक्षक आहेत. त्या लिहितात, “मी व्याकरण मराठीतून समजावते. इथे आल्यापासून मात्र वाटतंय की बारा वर्षं मी चुकीचंच शिकवलं. बाकीचे सगळे जपानीतूनच शिकवतात असं दिसतं. त्या दिवशी मराठीचा शब्दही न काढता, चित्रं-कार्डं घेऊन एक छानसा पाठ बसवून सादर करावा, असा विचार आहे. पण मग ते नाटकच होईल ना? खरं दाखवलं तर हसू होईल, खोटं दाखवलं तर मलाच खाईल.” पत्रात पुढे आणखी तीन गोष्टी आहेत. आपलं जपानी तोकडं पडतं ही भीती, घरी नवऱ्यावर आणि सासूबाईंवर सोपवून आलेल्या आठ वर्षांच्या मुलाबद्दलची टोचणी, आणि परतल्यावर क्लासच्या मालकांना निकालाच्या टक्केवारीपलीकडे कशातही रस नसेल ही खात्री. शेवटून दुसरी ओळ अशी: “तशी माझी मुलं पास होतात चांगली, फक्त एन-४ होऊनसुद्धा बोलत नाहीत, पण ते सगळीकडेच असतं.”

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी त्या शेवटून दुसऱ्या ओळीपाशी अडखळले. ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मला ती पत्राच्या सुरुवातीला हवी होती. तिच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या भीतीबद्दल, कारण ती डोक्यावर बसलेली असताना बाकीचं काही ऐकू येणार नाही.

तुम्ही ज्या इमारतीत राहताय, ती १९८९पासून मुख्यतः तुमच्यासारख्यांसाठीच चालवली जाते. जपानी ही ज्यांची मातृभाषा नाही, पण जे ती आपापल्या देशात शिकवतात, अशांसाठी. फाउंडेशनच्या २०२१च्या पाहणीत जपानबाहेर जवळपास ३८ लाख लोक जपानी शिकत होते आणि त्यांना शिकवणारे होते सुमारे ७५ हजार. त्यांतले बहुसंख्य जपानी नाहीत. म्हणजे तोकियोच्या उच्चारात, न अडखळता, जन्मजात सहजतेनं शिकवणारा जो शिक्षक तुमच्या डोळ्यांसमोर उभा आहे, तोच या धंद्यात अल्पसंख्य आहे. शेजारच्या खोलीतली उझबेक शिक्षिकासुद्धा रात्री टाचण लिहिताना ‘गा’, ‘ओ’ अशा शब्दांमागे लागणाऱ्या प्रत्ययांच्या चुका तपासत बसली असेल. ती हे तुम्हाला सांगत नाही आणि तुम्हीही तिला सांगितलेलं नाही, एवढंच.

आता मराठीचं. “बाकीचे सगळे जपानीतूनच शिकवतात” असं तुम्ही लिहिलंय, पण पुढे “असं दिसतं” हेही तुमचेच शब्द आहेत. हे तुम्ही पाहिलंत कुठे? केंद्रात, जिथे सगळ्यांची एकमेव सामाईक भाषा जपानी आहे, तिथे. बँकॉकच्या किंवा कोलंबोच्या त्यांच्या वर्गात तुम्ही कधी बसलेला नाहीत. एकदा जेवताना नुसतं विचारून बघा, “तुमच्या वर्गात मुलांना नाहीच समजलं तर काय करता?” मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात बरीच वर्षं काढली आहेत. या प्रश्नावर आधी थोडी चुळबुळ होते आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

थेट पद्धत, म्हणजे जपानी फक्त जपानीतूनच शिकवणं, कुठून आली तेही थोडं आठवूया. तोकियोतल्या एखाद्या भाषाशाळेत एकाच बाकावर नेपाळी, चिनी, व्हिएतनामी आणि म्यानमारचा विद्यार्थी बसतो. तिथल्या शिक्षिकेला दुसरा पर्यायच नाही. ती चित्रं दाखवते, हातवारे करते, एकेक रचना पायरीपायरीनं चढवत नेते, आणि हे ती अफाट कौशल्यानं करते, यात वाद नाही. पण ते तिच्या वर्गाच्या अडचणीतून घडलेलं कौशल्य आहे. तुमच्या पस्तीस जणांना एक सामाईक भाषा आहे, बहुतेकांना दोन. ज्या वर्गाला ती अडचण नाही, त्यानं फक्त तिचा उपाय तेवढा उचलायचा हे मला कधी पटलेलं नाही. शिवाय या पद्धतीचा इतिहास अगदी निरागसही नाही. तैवान जपानच्या ताब्यात होतं (१८९५ ते १९४५), तिथे सुरुवातीला चिनी भाषांतराच्या आधारानं जपानी शिकवलं जाई. काही वर्षांतच मुलांच्या भाषेला वर्गातून बाहेर काढणारी थेट पद्धत आली, आणि ती निव्वळ अध्यापनशास्त्राच्या प्रेमापोटी आली नव्हती. हे त्या दिवशी चर्चेत काढू नका म्हणजे झालं.

आणि आजचं म्हणाल, तर ज्या जेएफ स्टँडर्डवर, म्हणजे जपानी शिकवण्यासाठी फाउंडेशनने आखलेल्या चौकटीवर, तिथली व्याख्यानं उभी आहेत, ते २०१०मध्ये आलं आणि भाषांच्या युरोपीय चौकटीवर बेतलेलं आहे. त्या चौकटीला २०१८मध्ये जी पुरवणी जोडली गेली, तिच्यात एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत पोचवणं हे कौशल्य पातळीवार आणि तपशिलानं मांडलेलं आहे. वर्गाबाहेर तुमच्या मुलांना नोकरीत नेमकं हेच करायचं असतं. कारखान्यात आलेल्या जपानी अभियंत्याचं म्हणणं सुपरवायझरला मराठीत किंवा हिंदीत सांगायचं असतं. तेव्हा मराठीचं नाव काढलं की हसू होईल, ही भीती तिथल्या विचारापेक्षा तुमच्या मनातलीच जास्त आहे.

पण मराठी वापरणं आणि मराठी चांगली वापरणं यांत फरक आहे. तुम्ही ती कशी वापरता हे पत्रात कुठेच आलेलं नाही, म्हणून मला जे वाटतं ते सांगते.

आपल्याकडे जपानीचं व्याकरण बहुतेक वेळा इंग्रजीवरून मराठीत उतरतं. पुस्तकातल्या टिपा इंग्रजी, त्यांचं वर्गात मराठी स्पष्टीकरण. मग ‘आय लाइक कॅट्स’ डोक्यात ठेवून मुलं मांजराला कर्माचा प्रत्यय लावून ‘नेको ओ’ म्हणतात आणि आपण लाल खूण करतो. त्याऐवजी ‘मला मांजर आवडतं’पासून सुरुवात केली, तर मांजर हे कर्म नाही हे मुलांना आधीपासूनच ठाऊक असतं, आणि ‘नेको गा सुकी देसु’ मधला ‘गा’ फार छळत नाही. ‘काल घेतलेलं पुस्तक’ आणि ‘किनोओ कात्ता होन’ हे शब्दाखाली शब्द ठेवून लिहिता येतं. तेच इंग्रजीतून गेलात तर सगळं वाक्य उलटं फिरवावं लागतं. ‘किते’ (घालून) आणि ‘कित्ते’ (टपालाचं तिकीट) यांतला फरक मराठी कानाला शिकवावाच लागत नाही, कारण पती आणि पत्ती त्याला लहानपणापासून वेगळे ऐकू येतात. पाऊस जपानीत ‘झाझा’ पडतो आणि ‘शितोशितो’ही पडतो. धो धो आणि रिमझिम माहीत असलेल्या मुलाला हे विचित्र वाटत नाही, मजेचं वाटतं.

मराठी फसवते तिथेही तितक्याच उघडपणे सांगायला हवं. ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणं’ हे चपखल बसतं. पण ‘शिते शिमाउ’ला ‘करून टाकणं’ म्हटलं, की त्यातली ‘अरेरे, झालं बुवा’ ही छटा अनेकदा निसटते. देण्याघेण्याची क्रियापदं, म्हणजे मी दुसऱ्याला दिलं तर एक आणि दुसऱ्यानं मला दिलं तर वेगळंच, यांना मराठीत आधार नाही. आणि दीर्घ स्वर. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना भांडतो, बोलताना फारसे पाळत नाही, त्यामुळे आपली मुलं ‘ओबाआसान’चं ‘ओबासान’ करतात आणि आजीची मावशी होते.

हे सगळं तुमच्याकडे बारा वर्षं साठलेलं आहे. शेजारच्या टेबलावरच्या इजिप्तच्या शिक्षकाकडे त्याच्या मुलांच्या चुकांची वेगळी वही असेल. तिथल्या प्रशिक्षकांना, मातृभाषा जपानी असूनही, यातलं आपोआप काही कळत नाही. ते तुमच्याकडूनच कळू शकतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, काय दाखवायचं.

बसवलेला, गुळगुळीत, एकही मराठी शब्द नसलेला पाठ. याला मी सरसकट नाटक म्हणणार नाही. तुम्ही आजवर कधीच पूर्ण जपानीतून वीस मिनिटं घेतली नसतील, तर घेऊन बघायला याहून बरी जागा मिळणार नाही. पुण्यात बिघडलं तर पस्तीस जणांची फी अंगावर असते, इथे फक्त चर्चा होते. पण मग आधीच सांगा, “मी एरवी असं शिकवत नाही, आज करून बघतेय.” हे एक वाक्य जोडलं की तो प्रयोग होतो, न जोडलं तर पडदा. पडदा लावण्यात माझ्या मते मोठा तोटा असा की पाठानंतर तुम्हाला ज्या सूचना मिळतील, त्या जगात कुठेच नसलेल्या वर्गासाठीच्या असतील. बारा जणांच्या, गालिचा घातलेल्या खोलीतल्या, कल्पनेतल्या वर्गासाठी. इतक्या लांब जाऊन आणि इतकं घर मागे ठेवून भलत्याच वर्गाचं औषध घेऊन यायचं?

दुसरं टोक म्हणजे पुण्यातला पाठ जसाच्या तसा. तोही नको. समोरच्यांना मराठी येत नाही, त्यांना वीस मिनिटं काहीच कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या पाठात तुम्ही बोलता आणि मुलं वहीत उतरवतात, असा मला दाट संशय आहे. तो संशय तुमच्याच त्या ओळीवरून आला आहे.

“एन-४ होऊनसुद्धा बोलत नाहीत, पण ते सगळीकडेच असतं.” हो, असतं. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, तेव्हा परीक्षेसाठी शिकवणाऱ्या कुठल्याही क्लासमध्ये हे व्हायचंच. पण मुलं बोलत नाहीत याचा दोष मराठीवर टाकू नका आणि थेट पद्धतीलाही त्यावरचा रामबाण समजू नका. जपानीतून अखंड बोलणाऱ्या शिक्षिकेसमोरही मुलं तितकीच गप्प बसू शकतात. साधा हिशोब करा. दीड तासाच्या वर्गात एक तास तुम्ही बोललात आणि उरलेल्या अर्ध्या तासात एकेकाला उभं करून वाक्य म्हणायला लावलंत, तर पस्तीस जणांत प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. तोच अर्धा तास जोड्या करून दिलात, तर प्रत्येकाला जवळपास पंधरा मिनिटं बोलायला मिळतात. गोंगाट होईल, चुका कानांवर पडतील आणि सगळ्या तुम्हाला सुधारता येणार नाहीत. हा त्रास सोसण्यासारखा आहे की नाही, हा त्या दिवसाचा खरा प्रश्न असायला हवा.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर पाठ असा घेतला असता. विषय ‘शिते मिरु’, म्हणजे आपलं ‘करून बघणं’. प्रसंग दुकानातला. सुरुवातीची चारच मिनिटं मराठीला द्या. फळ्यावर ‘घालून बघू का?’ देवनागरीत लिहा आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याचा जपानी अर्थ. त्याखाली ‘किते मिते मो ई देसु का’. समोरच्यांना मराठी वाचता येत नसली तरी तुकडे एकाखाली एक बसलेले दिसतील. मग त्यांना सांगा, की तुमच्या भाषेत ‘करून बघ’ कसं म्हणतात ते आपापल्या लिपीत येऊन लिहा. तुमच्या गटात गंमत होणार आहे. उझबेक शिक्षिका ‘करणं’ला ‘बघणं’च जोडेल. श्रीलंकेहून आलेले सिंहलीत लिहोत की तमिळमध्ये, तेच करतील. थाई आणि व्हिएतनामी वाक्यांच्या शेवटीही ‘बघ’ येऊन बसतो. कोरियन कुणी असेल तर तेही. फळा भरेल आणि बहुतेकांच्या लक्षात येईल, की जी गोष्ट आपण इंग्रजी टिपेवरून ‘प्रयत्न करणे’ म्हणून शिकवत आलो, ती आपल्या मुलांना घरूनच येते. मातृभाषेची बाजू मांडायला तुम्हाला वेगळं भाषण करावं लागणार नाही.

यानंतर मराठी थांबवा. टेबलावर तुमचं जॅकेट, एक टोपी आणि खोलीतल्या सपाता ठेवा, जोड्या करा आणि दुकान सुरू करा. इथे मराठी स्वतःहूनच तोंडघशी पडते, म्हणूनच मी हा विषय निवडला. आपण शर्टही घालतो, टोपीही घालतो आणि बूटही घालतो. जपानीत जॅकेटला ‘किरु’, टोपीला ‘काबुरु’ आणि पायांत घालायच्या वस्तूला ‘हाकु’. म्हणजे वीस मिनिटांत दोन्ही दिसतं, मराठीचा हात कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा.

नमुना पाठाची एक जुनी अडचण असते. समोर बसलेले स्वतः शिक्षक असतात आणि ते कधी चुकतच नाहीत. बी.एड.चे सराव पाठ ज्यांनी दिलेत त्यांना ठाऊक असेल, निरीक्षक मागे बसले की वर्गातली सगळ्यात मस्तीखोर मुलंही शहाणी होतात. त्यावर उपाय म्हणून तीन-चार जणांना आधीच चिठ्ठ्या देऊन ठेवा. एकानं ‘हाकु’च्या ‘हाइते’ या रूपाऐवजी चुकीचं ‘हाकिते’ म्हणायचं, एकानं टोपीलाही ‘किते’च वापरायचं आणि एकानं काहीही विचारलं तरी लाजून गप्प बसायचं. तुमच्या वर्गातल्या या तीन मुलांना तुम्ही ओळखताच. चर्चा मग तुमच्या उच्चारांवर न जाता त्या गप्प बसलेल्या मुलावर जाईल.

टाचणाच्या वरच्या कोपऱ्यात वर्गाची खरी माहिती लिहा. पस्तीस विद्यार्थी, मातृभाषा बहुतांशी मराठी, जोडबाकं, फळा आहे, प्रोजेक्टर नाही. खाली दोन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं तुम्हाला खरोखर हवी आहेत. एक जोड्यांतल्या चुकांचा, दुसरा त्या गप्प मुलाचा. प्रश्न कागदावर असले की चर्चेला दिशा मिळते, आणि बोलताना शब्द सुचेनासे झाले तर बोट ठेवून दाखवता येतं. तुमच्या तोकड्या जपानीवर मला तरी हा सगळ्यात स्वस्त इलाज वाटतो. सकाळच्या व्याख्यानात समजलं नाही तर ‘मोऊ इचिदो ओनेगाइ शिमासु’ (कृपया पुन्हा एकदा) म्हणायला लाजू नका. तुमच्या विद्यार्थ्यांना तुम्ही पहिल्याच आठवड्यात हे वाक्य पाठ करून घेता, नाही का?

चर्चेबद्दल एक सूचना खास पुण्याच्या माणसाला. आपल्याकडे पाठ पडला तर ‘पडला’ असं सांगतात, वर कारणंही सांगतात. तिथे कुणी असं म्हणणार नाही. ‘ओमोशिरोइ देसु ने’ (छान आहे हं) ऐकून हुरळू नका, त्यानंतर ‘तादा’, म्हणजे ‘फक्त एवढंच की’, येतो का त्याची वाट बघा, कारण कामाची गोष्ट बहुधा त्या ‘तादा’नंतर असते. आणि आला, तर तिथल्या तिथे आपली बाजू मांडायला उठू नका. लिहून घ्या. ‘पण आमच्याकडे ना…’ हे वाक्य संध्याकाळच्या चहासाठी राखून ठेवा.

मुलाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो आजी आणि बाबांजवळ नीट आहे हे तुमच्याच पत्रावरून दिसतंय. तुम्ही रोज त्याच्या झोपायच्या वेळी फोन करता. भारतात आठ वाजता तिथे साडेअकरा झालेले असतात आणि मग सकाळी व्याख्यानात डोळे मिटतात. तो शाळेतून आला की साडेचारच्या सुमारास बोला, तिथे रात्रीचे आठ असतील. आदल्या रात्री तर नक्कीच. दिवसभर दुसऱ्या भाषेत कान लावून बसणं हे अंगमेहनतीचं काम आहे, झोप नसेल तर येणारं जपानीही पळून जातं.

असंच पत्र मला मॅनहाइम किंवा म्युनिकला प्रशिक्षणासाठी गेलेल्या एखाद्या जर्मनच्या शिक्षकाकडून येऊ शकतं, किंवा फ्रान्समधल्या उन्हाळी वर्गाला गेलेल्या फ्रेंचच्या शिक्षिकेकडून. त्यांना ‘करून बघ’चा उपयोग नाही, पण जर्मनमध्येही गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं आणि मराठी मुलाला त्याचं नवल वाटायला नको, हे फळ्यावर दाखवता येईल. अशा प्रशिक्षणाला निघण्यापूर्वी एक काम मात्र घरीच करून जा. आपल्याच वर्गाचा एक तास, विद्यार्थ्यांना सांगून, मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि घड्याळ लावून मोजा, की आपण किती मिनिटं बोललो आणि मुलं किती. ऐकायला नको वाटतं. पण नंतर कुठल्याही व्याख्यानात आपल्यासाठी काय आहे आणि काय नाही, हे ओळखायला वेळ लागत नाही. तुम्ही आता तिथे पोचला आहात, पण फोनमध्ये लॉकडाऊनच्या काळातल्या ऑनलाइन वर्गाचं एखादं रेकॉर्डिंग सापडलं, तर तेच ऐका.

राहिले मालक. त्यांना टक्केवारीत रस आहे याचा तुम्ही फार राग धरलाय. मला तो थोडा अन्यायाचा वाटतो, भाडं त्यांना भरायचं असतं. त्यांच्याशी पद्धतींबद्दल वाद घालू नका, त्यांच्या धंद्याबद्दल बोला. पुण्यात जपानी शिकणारी बरीच मुलं आयटी किंवा वाहन उद्योगातल्या नोकरीवर डोळा ठेवून येतात आणि मुलाखत तोंडी असते. २०१९मध्ये जपानने कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा काढला, तेव्हापासून तिथे जाऊन राहण्यापुरतं, दुकानात-दवाखान्यात बोलण्यापुरतं जपानी हवं असणारे विद्यार्थीही आहेत, आणि त्यांच्यासाठी फाउंडेशनने मोफत साहित्य ऑनलाइन ठेवलेलं आहे. एन-४ होऊन मुलाखतीत गप्प बसलेला मुलगा आपल्या मित्राला तुमच्या क्लासमध्ये पाठवणार नाही, हे मालकांना तुमच्याआधी कळेल.

सगळे वर्ग एकदम बदलायलाही जाऊ नका. परदेशातून शिकून आलेली बाई पहिल्या शनिवारी बाकं गोल मांडते आणि चौथ्या शनिवारी ती पुन्हा सरळ झालेली असतात, हे मी फार वेळा पाहिलंय. एकच एन-५ची बॅच मागून घ्या. प्रत्येक वर्गाची शेवटची वीस मिनिटं जोड्यांची, बाकी सगळं जसं आहे तसं, मराठीसकट. आणि हे मागायला परतल्या परतल्या जाऊ नका. तेव्हा जुलैच्या परीक्षेचे फॉर्म भरण्याची गडबड असेल आणि मालक कुणाचंच ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतील. फॉर्म गेले की मग भेटा, आणि त्या दिवसाचं टाचण बरोबर न्या.